चिखल्या गटाचा प्रतिनिधी नागपूरला निघतो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सौंदडच्या शाळेचे हेडमास्तर सेवकराम गुरुजी. गोंदियाहून सकाळच्या गाडीने मुद्दाम आलेले प्रांतिक रयत सभेचे निरीक्षक टेकचंदजी. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती चैतरामभाऊ. त्यांच्याजवळ खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या आणि शेवटी खालीच सतरंजीवर बसल्या त्या रुख्मिणीबाई. पुढच्या रांगेतले आपल्या तहसील सभेचे माजी अध्यक्ष भैयाजी मालगुजार. पंचक्रोशीतून कापणी तोंडावर असताना वेळ काढून आलेले शेतकरी बंधू आणि माझ्या सभासद भगिनींनो,

स्वागत समितीने खजिना माझ्याकडे दिला आहे, तेव्हा आधी काय आले आणि काय लागले ते सांगते, म्हणजे पुढचे बोलताना माझे चित्त ठिकाणावर राहील. नागपूरहून खादीची शाल आली, दोन रुपये सहा आणे. गोंदियाहून नारळ दोन आणि विड्याची पाने, मिळून सव्वापाच आणे. सतरंज्या शाळेच्या, भाडे नाही. झेंडू कोहमाऱ्याच्या बायांनी आपल्या दारचा आणला, त्याची किंमत कोणी घेतली नाही. समारंभ दिवसा ठेवल्यामुळे गॅसबत्तीचे भाडे वाचले, ते अध्यक्षांच्या परवानगीने शाळेच्या पाटीपेन्सिलींना द्यावे. आणि पाच शेर साखर आली, ती भैयाजी मालगुजारांच्या घरून. तिची किंमतही त्यांनी घेतली नाही. मी मात्र वहीत बाजारभाव लिहून ठेवला आहे, कारण ही साखर किती मोलाची आहे हे पुढे कोणी वही उघडून पाहिले तर त्याला कळावे.

आता या साखरेची गोष्टच मला सांगायची आहे. गुरुजींनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत. त्यांची घंटा त्यांच्या उजव्या हाताशी आहे हे मी पाहून ठेवले आहे.

मी काही पुढारी नाही. नागपूरच्या मुलींच्या शाळेतून मॅट्रिक झाले, सतराव्या वर्षी या गावी सून म्हणून आले, आणि तेव्हापासून देवपूजा, स्वयंपाक आणि घरची वही या तीन गोष्टी केल्या. वहीच्या प्रत्येक पानावर आधी श्री लिहायची आणि श्री लिहिल्यावर त्या पानावर खोटे लिहायचे नाही, एवढेच माझे राजकारण. मग मी या व्यासपीठावर कशी आले? त्याचे उत्तर माझे अक्षर चांगले आहे, हे आहे.

चैतरामभाऊंच्या गटाला आज सारा तहसील चिखल्या गट म्हणतो आणि ते नाव आपण मिरवतो. पण ते पडले कसे, हे नव्या सभासदांना ठाऊक नसेल. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आज आपण बसलो आहोत त्या भैयाजींच्या याच कोठारात, धान संपून कोठार रिकामे झाले की होते तशी, रयत सभेची बैठक होती. भैयाजी अध्यक्ष. सभेचे नाव रयत सभा, पण पुढच्या सतरंजीवर मालगुजार, गिरणीवाले आणि अडते. चैतरामभाऊ आणि त्यांचे पाच सोबती शेतातून सरळ आले, पायाला गुडघाभर चिखल, म्हणून मागे पोत्यांवर बसले. विषय संपता संपता चैतरामभाऊ उभे राहिले आणि म्हणाले,

"भैयाजी, तलावाच्या तुडुमाचं बोलाचं हाय."

बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगते. तुडूम म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे तोंड. पावसाने दडी मारली की धानाच्या साऱ्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते, त्या तोंडाकडे पाहतात. ते उघडायचे कधी आणि पाणी आधी कोणाला, हे गावचे जमीनदार म्हणून मालगुजार एकटे ठरवतात. आपल्या गावी मालगुजारांच्या बांध्या वरच्या अंगाला, लहान कुळांच्या खाली. पाणी वरच जिरते. चैतरामभाऊंचे म्हणणे एवढेच की तुडूम कधी उघडायचा ते गावच्या पाच शेतकऱ्यांच्या पंचांनी ठरवावे, आणि तसा ठराव तहसील सभेने करून प्रांताला पाठवावा.

भैयाजी हसून म्हणाले, "तुडूम मेरे दादाजीने बांधला आहे, चैतराम."

चैतरामभाऊ म्हणाले, "तुडूम तुमच्या आजाचा, भैयाजी. पाणी पावसाचं."

"पाऊस माझ्याच तलावात पडला ना?"

सारी पुढची सतरंजी हसली. मग भैयाजींनी मागे बोट दाखवले आणि म्हणाले, "हा आपल्या सभेतला चिखल्या गट. पाय धुवून या, मग ठराव आणा."

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की तलाव खरोखर त्यांच्या आजोबांनी खणला, भर दुष्काळात, आणि खणणाऱ्याला रोज धान दिले. माझ्या सासूबाई ते सांगत. भैयाजी इथे बसले आहेत म्हणून मी गोड बोलत नाही. ते नसते तरी हे वाक्य माझ्या भाषणात होते. पण एकाच्या आजोबांनी खणलेल्या तलावावर दुसऱ्याच्या नातवाने किती वर्षे हात जोडून उभे राहावे, याचा हिशेब कोणी मांडला नव्हता. तो चिखल्या गटाने मांडला. सहाचे अकरा झाले, अकराचे एकेचाळीस. गेल्या वर्षीच्या पावसात खालच्या बांध्या वाळल्या तेव्हा हे एकेचाळीस जण तलावाच्या पाळीवर जाऊन नुसते बसले. ना घोषणा, ना दगड. तेवढ्यावर भैयाजींनी ठरवले की यांच्या मुख्य सहा जणांना सभेतून काढायचे. काढले की ठराव मांडणारेच उरत नाहीत.

आता माझ्या अक्षराची गोष्ट येते.

रयत सभेचा नियम असा की तहसिलीत तीनशे सभासद भरले तर नागपूरच्या प्रांतिक बैठकीत प्रतिनिधीच्या तीन जागा, नाही तर एकच. भैयाजींना तिन्ही हव्या होत्या. पुरुष भरून कमी पडले. तेव्हा त्यांनी आमच्या घरच्यांना, म्हणजे सभेच्या चिटणिसांना, जे त्यांचे दिवाणजीही होते, सांगितले की आपल्या कुळांच्या बायकांची नावे टाका, वर्गणी मी भरतो. एकशे सदतीस बायका. त्यांना विचारायचे कारणच काय? त्या बैठकीला थोड्याच येणार? कुळांची नावे दिवाणजींच्या वहीत होती, पण बायकांची नावे पुरुषांना कुठून ठाऊक असणार? ती मला ठाऊक होती, हळदीकुंकवामुळे. म्हणून वही माझ्याकडे आली. मी वर श्री लिहिली आणि कचेरीच्या रीतीप्रमाणे नावे मांडली, आधी बाईचे, मग भ्रतार म्हणून नवऱ्याचे. शामकला भ्रतार दुधराम. रुख्मिणी भ्रतार चैतराम. तीन दुपारी लागल्या. सुरुवात घरापासून करावी म्हणून पहिले नाव माझे लिहिले, सुलोचना भ्रतार, आणि पुढे हात थांबला. माझ्या आईने घालून दिलेली रीत आहे, मालकांचे नाव तोंडाने घ्यायचे नाही. लेखणीने घ्यायचे की नाही हे आईला विचारायचे राहून गेले होते. जागा कोरी ठेवली. म्हटले, नंतर त्यांच्याकडून भरून घेऊ. आणि संसारात जे नंतरवर टाकतो त्याचे जे होते तेच झाले. विसरले.

पावत्याही मीच फाडल्या. सही करून गठ्ठा बांधला आणि यांना विचारले, "या बायांना केव्हा द्यायच्या?"

हे म्हणाले, "द्यायच्या नाहीत. ठेवून दे."

"त्यांना ठाऊक तरी आहे का, की त्या सभासद आहेत?"

"तुला काय करायचं आहे?"

भगिनींनो, मी त्या रात्री पोथी वाचायला बसले आणि ओव्या पुढे जाईनात. मी श्री लिहिलेल्या पानावर एकशे सदतीस खोट्या नोंदी लिहिल्या होत्या. ज्या बाईला ठाऊकच नाही की ती सभासद आहे, ती सभासद कशी? मग उपाय काय? पाने फाडता येत नाहीत, वही सभेची. तेव्हा मला दिसले की लिहिलेले खोटे पुसता आले नाही तरी खरे करता येईल. त्या बायांना सांगून टाकले की झाले. यात मला ना कोणाचा गट दिसत होता ना कोणाचा तुडूम. शपथेवर सांगते, मी माझी वही शुद्ध करीत होते.

वटसावित्रीला पाच गावच्या बाया वडाशी येतात. मी वाणाच्या ताटात आंब्याशेजारी पावत्या ठेवल्या. एकेकीला कुंकू लावले आणि पावती दिली. म्हटले, "तू रयत सभेची सभासद आहेस. तुझी वर्गणी भरली आहे. तुला एक मत आहे."

मंदाबाईंनी पावती उलटसुलट पाहिली. त्या आज इथेच आहेत, दाराजवळ. त्या म्हणाल्या, "मत मंजे काय होते, दिवाणीनबाई?"

"सभेत काही ठरवायचे असले तर तुम्हाला विचारले पाहिजे."

"मले?" मंदाबाई म्हणाल्या. "घरी तं भाजी कायची कराची हे बी कोणी विचारत नाई."

आणि रुख्मिणी, जिला अक्षर येत नाही, तिने पावती पदराच्या गाठीला बांधली आणि म्हणाली, "पैसे भैयाजीनं भरले?"

मी म्हटले, "हो."

"मंग पैसे त्याईचे, मत आमचं."

मी एवढेच केले. पुढे वडाखाली काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, मी पूजा आटोपून घरी आले. विचारले असते तर कळले असते, पण मी विचारले नाही, हेही सांगते.

आषाढात बैठक निघाली. विषय एकच, सहा जणांना सभेतून काढणे. दिवस कोणता धरला? ऐन रोवणीचा. त्या दिवसांत एकाही कुळाला बांधी सोडता येत नाही, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटून ठेवले की ते लावावेच लागतात. चिखल्या गटाचे लोक निम्मेही येणार नाहीत, हा हिशेब. आणि भैयाजी, मला क्षमा करा, पण तुमच्या हिशेबात एक चूक होती, ती दाखवल्यावाचून माझ्यासारखीला चैन पडणार नाही. त्याच दिवशी तुम्ही तुमच्या स्वतःच्या मोठ्या बांधीची रोवणी धरली. पाच गावच्या बाया रोजीने बोलावल्या. ती बांधी कुठे आहे? या कोठाराच्या मागे. मधे फक्त रेल्वेचा रूळ.

टेकचंदजी निरीक्षक म्हणून गोंदियाहून आले होते. पुढच्या सतरंजीवर भैयाजींकडचे अठ्ठावन्न. मागे पोत्यांवर चिखल्या गटाचे तेवीस, बाकीचे खरेच बांधीत. मी वही सांभाळायला टेबलाशी, यांच्या मागे एका स्टुलावर. भैयाजींनी ठराव वाचला आणि म्हणाले, "मत घेऊन टाका, दिवाणजी. धूप निकल रही है, रोवणी पाहायची आहे."

तेवढ्यात मागच्या दाराने उजेड कमी झाला.

दारात रुख्मिणी उभी होती. लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, पाय चिखलाचे, डोक्यावर पानांचा मोरा, पावसाचे पाणी त्यावरून गळते आहे. तिच्यामागे शामकला, मंदाबाई, त्यांच्यामागे रूळ ओलांडून येणारी ओळ. मी मोजल्या. शहाण्णव. रोवणी करताना ज्या क्रमाने उभ्या होत्या त्याच क्रमाने आल्या होत्या.

भैयाजी म्हणाले, "काय झालं? कोणाला सरप चावला का?"

"नाई, जी," रुख्मिणी म्हणाली. "मत द्याले आलो."

"तुम्ही? अन् माझी रोवणी?"

"राहू द्या घंटाभर. पऱ्हे पाण्यात हाय, मरत नाई."

"ये क्या तमाशा है, दिवाणजी?"

हे वहीत पाहत होते. मीही खाली पाहत होते. तेव्हा एकेकीने पदराची गाठ सोडली. चिखलाच्या हातात माझ्या अक्षराच्या शहाण्णव पावत्या होत्या. टेकचंदजींनी दोनचार पाहिल्या, वहीशी ताडल्या आणि म्हणाले, "भैयाजी, सही आहे. या सभासद आहेत."

बंधूंनो, मी भैयाजींच्या बुद्धीला मान देते. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि उघडले तेव्हा त्यांना तोड सापडली होती. म्हणाले, "ठीक. पण एका नावाच्या चार बाया असतात. प्रत्येकीने टेबलाशी यावं आणि आपलं पूर्ण नाव स्वतः सांगावं. वहीत आहे तसं. नवऱ्याच्या नावासकट. सांगितलं तर मत, नाही तर घरी."

या बायका मालगुजाराच्या समोर यायला भ्याल्या नव्हत्या, रोजी बुडण्याला भ्याल्या नव्हत्या. पण मालकांचे नाव, भर सभेत, सासरे दीर बसलेले असताना? वटसावित्री होऊन महिना झाला नव्हता. मला वाटले, संपले. शहाण्णव पावत्या, आणि एक साधे नाव घेता येत नाही म्हणून साऱ्या माघारी जाणार. पुढच्या सतरंजीवरून कोणी तरी म्हणाले, "उखाणे घ्या ना मंग."

मंदाबाई तिथूनच म्हणाल्या, "घेतो ना. उखाण्याले लगन लागते. तुयं लगन लाव दुसऱ्यांदा, मंग घेतो."

हसू झाले, पण त्यातून वाट निघाली नाही. रुख्मिणी टेबलाशी आली. ज्याला काढायचे होते तो तिचाच नवरा, मागे पोत्यावर बसलेला. तिने पाहिले भैयाजींकडे आणि म्हणाली, "ज्याले तुमी काढून राहिले, त्याचं नाव मी घेत नाई. मेलो तरी घेत नाई. पण एक सांगा. रोवणीत एकीची जागा सुटली तं बाजूची काय करते?"

"हे रोवणी नाही, बाई."

"बाजूची भरते," रुख्मिणी म्हणाली. मग तिने मागच्या बाईचा हात धरून पुढे ओढले. "हे शामकला. इचा मालक दुधराम. वहीत पाहा."

शामकलेने रुख्मिणीच्या खांद्यावर चिखलाचा हात ठेवला. "आन हे रुख्मिणी. इचा मालक थो बसला पोत्यावर, चैतराम. साऱ्या तहसिलीले मालूम हाय, तुमाले काऊन नाई?"

भैयाजी म्हणाले, "हे चालणार नाही. स्वतः सांगायला पाहिजे."

टेकचंदजींनी नियमांचे पुस्तक काढले. चष्मा लावून तीन पाने उलटली. त्या वेळात मी जेवढे नामस्मरण केले तेवढे एकादशीलाही केले नसेल. मग ते म्हणाले, "नियम इतकाच आहे की ओळख पटली पाहिजे आणि दुसऱ्या सभासदाने साक्ष दिली तर पटली असं धरावं. बायांनी नियमापेक्षा जास्तच केलं आहे. चलने दीजिये."

आणि ओळ चालू लागली. शामकलेने तिसरीच्या मालकाचे नाव सांगितले, तिसरीने चौथीच्या. एकीच्या तोंडून दुसरीचे, जसे एकीच्या हातून दुसरीची जागा भरते. कोणी हळू, कोणी डोक्यावरचा पदर पुढे ओढून, कोणी मुद्दाम मोठ्याने. एकीने शेजारणीच्या नवऱ्याचे नाव सांगून वर "आन दारू पेते" अशीही साक्ष दिली. ती टेकचंदजींनी लिहून घेतली नाही. मी वहीवर खुणा करीत गेले. पाऊण तासात शहाण्णव खुणा झाल्या. या कोठाराने कधी इतक्या नवऱ्यांची नावे इतक्या आदराने ऐकली नसतील.

मग भैयाजींनी हात पुढे केला. "वही द्या."

त्यांनी पहिले पान उघडले. मला आठवले. त्यांच्या बोटाखाली माझी कोरी जागा होती.

"ही यादी जिने लिहिली तिचीच नोंद अपुरी आहे," ते शांतपणे म्हणाले. "टेकचंदजी, नियम वाचा. एक नोंद अपुरी असली तर यादी बाद."

टेकचंदजींनी वाचले. नियम तसाच होता. ते मला म्हणाले, "बाई, भरून टाका. तुम्हाला लिहिता येतं."

रुख्मिणी म्हणाली, "मी सांगतो नाव."

"सांगून नाही होणार. वहीत लिहावं लागतं, आणि लिहायचा अधिकार लेखनिकाला किंवा चिटणिसाला."

मी टाक हातात घेतला. मी तुम्हाला खरे सांगते, शहाण्णव बायांचे मत, सहा माणसांची अब्रू आणि खालच्या अंगाच्या साऱ्या बांध्यांचे पाणी त्या बोटभर जागेत होते, आणि माझा हात उठेना. तो अभिमान नव्हता, भीतीही नव्हती. पंचवीस वर्षे जी गोष्ट केली नाही ती हाताला येतच नव्हती. शाईचा थेंब पानाच्या कडेला पडला, तो आजही वहीत आहे. भैयाजी म्हणाले, "दिवाणजी, वही बंद करा."

अठरा वर्षे यांनी भैयाजींची नोकरी केली होती. भैयाजींनी सांगितले आणि यांनी केले नाही असे एकदाही झाले नव्हते. हे उठले. माझ्या हातातून टाक घेतला, दौतीत बुडवला, टोक दौतीच्या काठाला निपटले, जसे रोज निपटतात, आणि वाकून पहिल्या ओळीत आपले नाव लिहिले. वाळू टाकली, फुंकर घातली. मग सरळ उभे राहून म्हणाले,

"नोंद पूर्ण आहे, भैयाजी. मत घ्यायला हरकत नाही."

त्या दिवशी काढण्याच्या बाजूने अठ्ठावन्न हात वर झाले. विरुद्ध तेवीस पोत्यांवरून, शहाण्णव चिखलाचे आणि एक माझा. एकशे वीस. चिटणिसांना मत नसते, म्हणून त्यांचा मोजला नाही. त्याच बैठकीत, त्याच हातांनी, तुडुमाचा ठराव मंजूर झाला, भैयाजींच्या जागी नवी निवड झाली आणि तीनपैकी एका जागेवर चैतरामभाऊ नागपूरचे प्रतिनिधी ठरले. चिखल्या गट म्हणून जो सभेत वेगळा काढला होता, तोच आता सभा आहे.

निकाल सांगून झाल्यावर रुख्मिणीने काय केले हे सांगते आणि संपवते. गुरुजी, तुमचा हात घंटेकडे गेलेला दिसतो. ती भैयाजींना म्हणाली, "चला, जी. तुमची रोवणी राह्यली."

आणि त्या गेल्या. अर्धी राहिलेली बांधी त्या दिवशी पुरी होईना, म्हणून दुसऱ्या दिवशी साऱ्यांनी इर्जीक केली, रोजी न घेता, कारण पऱ्ह्यांनी कोणाचे काय केले होते? भैयाजी, तुमच्या त्या बांधीत यंदा धान कसे आहे ते आम्ही येताना पाहिले. तुमच्या घरून आलेल्या साखरेचा अर्थ आम्हाला कळला आहे. दिवाणजींची नोकरी मात्र तुम्ही दुसऱ्याच दिवशी काढून घेतली आणि ते आता अडतीत वही लिहितात, पगार पाच रुपयांनी कमी. याची तक्रार नाही. मी घरात दुसरी भाजी बंद केली आहे आणि सारे जमते.

चैतरामभाऊ, उद्या सकाळच्या गाडीने तुम्ही निघाल. नागपूरला मोठी माणसे असतील, पुढच्या सतरंजीवर बसलेली. कोणी पाय धुवून या म्हणाले तर धुवा, पण बोलणे मागच्या पोत्यावरचेच ठेवा. ही शाल तुमची आहे, थंडीत वापरा, पेटीत ठेवू नका.

कोठार दिल्याबद्दल आणि साखरेबद्दल भैयाजींचे, नियमाचे पुस्तक सोबत बाळगल्याबद्दल टेकचंदजींचे, घंटा न वाजवल्याबद्दल गुरुजींचे आणि झेंडूबद्दल कोहमाऱ्याच्या भगिनींचे आभार मानते. बाई माणूस इतका वेळ बोलली, बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचे दुखले असेल, तर ते माझ्या अज्ञानावर घालून सर्वांनी मोठ्या मनाने विसरावे.

एकच काम, चैतरामभाऊ. तुमच्या पिशवीत मी एक पोस्टकार्ड ठेवले आहे. ठराव प्रांतात मंजूर झाला की नाही, तेवढेच त्यावर लिहायचे, मंजूर किंवा नामंजूर, एका शब्दात. शब्द वाया घालवू नका, पण दिवसही घालवू नका. पाच गावच्या बाया कापणी करताना मला बांधावरून विचारणार आहेत. पत्ता मी रात्रीच लिहिला. सौभाग्यवती सुलोचनाबाई, आणि पुढे जागा कोरी सोडून, मुक्काम सौंदड. सकाळी पिशवीत ठेवताना पाहिले तर ती जागा भरलेली होती. तेव्हा कार्ड चुकायचे नाही. उलट टपालाने कळवा.